गल्ला भरलेला असताना बंद केलेले ड्राइव्ह-इन

१९४८ च्या शरदात कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो शहरात दोन भावांनी आपले हॉटेल बंद केले. तोटा नव्हता, कर्जाचा तगादा नव्हता, आग लागली नव्हती. वर्षाची विक्री दोन लाख डॉलरच्या पुढे गेलेली होती आणि खर्च वजा जाता पन्नास हजार डॉलर दोघे भाऊ वाटून घेत होते. शनिवारी संध्याकाळी आवारात सव्वाशे गाड्या लागत. असे असताना त्यांनी दाराला कुलूप लावले, गाडीपर्यंत खाणे आणून देणाऱ्या वीसेक कारहॉप मुलींना कामावरून कमी केले आणि तीन महिने गिऱ्हाइकांना फिरकू दिले नाही.

भावांचे आडनाव मॅकडोनाल्ड. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे, आणि नेमकी तीच अडचण आहे. शेवट माहीत असला की सुरुवातीचा प्रत्येक निर्णय शहाणपणाचा वाटू लागतो. म्हणून या प्रकरणाकडे बघताना जगभरची साखळी थोडी बाजूला ठेवू आणि एका लहान शहरातल्या एका कोपऱ्यावरच थांबू.

कारहॉप आणि ट्रे

ड्राइव्ह-इन म्हणजे गाडीतून न उतरता जेवायचे ठिकाण. आवारात गाडी लावायची, कारहॉप येऊन काय हवे ते विचारणार, थोड्या वेळाने ट्रे आणून गाडीच्या दाराला अडकवणार. खाऊन झाले की तीच ट्रे उचलणार. याची सुरुवात साधारणपणे १९२१ साली टेक्सासमधल्या डॅलसजवळ उघडलेल्या 'पिग स्टँड'पासून धरतात. जेसी कर्बी या व्यापाऱ्याने रूबेन जॅक्सन या डॉक्टरच्या भागीदारीत ते काढले. गाडीवाले लोक इतके आळशी असतात की जेवायलाही खाली उतरायला नको म्हणतात, असे कर्बींचे म्हणणे होते म्हणतात. तिथली पोरे गाडी पुरती थांबायच्या आधीच तिच्या पायरीवर उडी घेत, त्यावरून 'कारहॉप' हे नाव पडले. सुरुवातीला हे काम मुलगेच करत. मुली पुढे आल्या. १९४० च्या फेब्रुवारीत 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ह्यूस्टनमधली एक कारहॉप मुलगी झळकली, यावरून तोवर कारहॉप मुलींच्या पोशाखाचे किती कौतुक झाले होते ते कळते.

त्याच वर्षी मे महिन्यात रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड यांनी सॅन बर्नार्डिनोत ई स्ट्रीट आणि चौदाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर आपले ड्राइव्ह-इन उघडले. घरात आणि पुढे सगळीकडेच ते डिक आणि मॅक. मूळचे न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टरचे. तिकडून सिनेमाच्या ओढीने कॅलिफोर्नियात आले आणि स्टुडिओत सेट हलवायच्या कामाला लागले. मग ग्लेंडोरा गावात एक चित्रपटगृह चालवून पाहिले, ते मंदीत चालले नाही. १९३७ मध्ये वडिलांनी मन्रोव्हियाच्या विमानतळाजवळ खाण्याचा एक लहान ठेला टाकला होता. तिथे हॉट डॉग आणि संत्र्याचा रस विकायचा. भावांनी तो ठेला मधोमध कापून दोन तुकड्यांत सॅन बर्नार्डिनोला आणला. बँकेकडून पाच हजार डॉलरचे कर्ज मिळाले, ही त्या काळच्या बँकांच्या मानाने मोठी गोष्ट. हॉटेलांना कर्ज द्यायला बँका तेव्हा नाखूश असत.

सॅन बर्नार्डिनो हे लॉस एंजेलिसच्या पूर्वेला साधारण शंभर किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी वसलेले शहर. १९४० च्या जनगणनेत वस्ती सुमारे ४४ हजार. संत्र्याच्या बागा, सांता फे रेल्वेचे मोठे कारखाने आणि शहरातून जाणारा रूट ६६ हा महामार्ग. महायुद्धात लष्कराचा विमानतळ आला, शेजारी फाँटानात कायझरचा पोलाद कारखाना उभा राहिला. १९५० पर्यंत वस्ती ६३ हजारांवर गेली. पगार घेणारे, गाडी बाळगणारे, घाईत असलेले लोक. युद्धाच्या काळात पेट्रोल आणि मांस दोन्ही रेशनवर होते, ते संपल्यावर तर गाड्या बाहेर पडायचीच वाट पाहत होत्या.

भावांची इमारत अष्टकोनी. गल्ल्याच्या उंचीपासून छपरापर्यंत काच, त्यामुळे आत काय शिजते ते रस्त्यावरून दिसे. त्या काळी स्वयंपाकघर लपवायची पद्धत होती, त्यामुळे हे विचित्रच. पदार्थांची यादी पंचवीसच्या आसपास. मुख्य नाव बार्बेक्यूचे: भट्टीत हिकरीच्या लाकडाच्या चिपा घालून भाजलेले डुकराचे आणि गाईचे मांस.

दुभत्या गाईच्या लाथा

आता खरा प्रश्न. एवढे चाललेले असताना दुखत काय होते?

पहिले म्हणजे माणसे टिकत नव्हती. युद्धानंतर चांगला ग्रिलवाला मिळणे कठीण झाले होते आणि मिळाला तर कुठेतरी दोन पैसे जास्त मिळताच निघून जाई. कारहॉप मुलींचे तेच, भांडी घासणाऱ्यांचे तेच. गावात इतर ड्राइव्ह-इनही उभी राहत होती, ती सगळी याच माणसांच्या मागे.

दुसरे म्हणजे भांडी. काचेचे पेले फुटत, बशा फुटत आणि काटे-चमचे गाडीतून घरी जात. हा खर्च वहीत 'किरकोळ' म्हणून दिसतो, पण रोजचा असतो.

तिसरे मात्र सगळ्यात महत्त्वाचे, आणि या गोष्टीच्या बहुतेक कथनांत ते एका वाक्यात उरकले जाते. ई स्ट्रीटवरच, त्या कोपऱ्यापासून चारेक रस्ते पुढे, शहराचे हायस्कूल आहे. संध्याकाळ झाली की पोरे गाड्या घेऊन येत. एक पेय मागवत आणि तासभर बसत. कारहॉप मुलींशी बोलायला आलेली, जॅकेटांतली, मोठ्याने इंजिन घुरघुरवणारी पोरे. ती बसलेली दिसली की लहान मुले असलेली कुटुंबे गाडी न थांबवता पुढे निघून जात. म्हणजे आवार भरलेले दिसायचे, पण ते भरलेले असणे हीच अडचण.

याचा हिशेब मांडून बघू. समजा शंभर गाड्यांची जागा आहे. प्रत्येक गाडी वीस मिनिटांत हलली तर तासाला तीनशे गाड्यांना खायला घालता येते. त्यातल्या साठ गाड्या तासभर ठाण मांडून बसल्या तर आकडा एकशे ऐंशीवर येतो. आणि त्या साठांत पुरेसे पैसे खर्च करणारा क्वचितच. ड्राइव्ह-इनचा धंदा दिसतो खाण्याचा, पण तो आहे जागा भाड्याने देण्याचा, आणि भाडे ट्रेवर वसूल होते. हे भावांनी या शब्दांत म्हटल्याचे वाचलेले नाही. पण त्यांनी जे केले त्यातून हेच दिसते.

दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात. या भावांना त्या गोड लागेनाशा झाल्या होत्या, एवढेच नव्हे तर हॉटेल विकून टाकावे असाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता. विकण्याऐवजी त्यांनी बिलांचा ढीग काढला आणि मागल्या तीन वर्षांचा हिशेब तपासला. विक्रीतला ऐंशी टक्के वाटा एकट्या हॅम्बर्गरचा निघाला. बार्बेक्यूसाठी एवढी भट्टी, एवढी जाहिरात, आणि गाव खात होते हॅम्बर्गर.

तीन महिने

इथून पुढचे सगळे एकाच धाग्याने गुंफलेले आहे, आणि म्हणूनच मला हे प्रकरण अभ्यासाला घेण्याजोगे वाटते. लोक ते 'यादी छोटी केली, वेग वाढवला' असे सांगतात. पण वेगापासून सुरुवात केली तर गोष्ट नीट जुळत नाही. कारहॉपपासून सुरुवात करून बघा. कारहॉप नकोत, तर गिऱ्हाइकाने खिडकीशी चालत यायला हवे. चालत येऊन त्याने चिनी मातीची बशी हातात घेऊन गाडीपर्यंत जायचे, मग ती परत आणून द्यायची, हे होणे नाही. तेव्हा बशी गेली, कागद आला. कागदात गुंडाळून हाताने खाता येईल तेच विकायचे, म्हणजे काटा लागणारे बार्बेक्यू गेले. भांडी गेली म्हणून भांडी घासणाराही गेला. आणि उरलेली यादी इतकी लहान की कसबी आचाऱ्याचीही गरज राहिली नाही. ज्या तीन दुखण्यांनी भाऊ बेजार झाले होते ती तिन्ही एका निर्णयातून सुटली. वेग हे या सगळ्याचे फळ.

नवी यादी नऊ पदार्थांची: हॅम्बर्गर, चीजबर्गर, तीन चवींची थंड पेये, दूध, कॉफी, बटाट्याचे वेफर्स आणि पाय (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ). मिल्कशेक आणि फ्रेंच फ्राइज वर्षभराने आले आणि वेफर्स-पाय गेले. हॅम्बर्गरची किंमत तीस सेंटवरून पंधरावर. मांसाच्या टिकल्या एका पौंडात दहा, म्हणजे एकेक जेमतेम पंचेचाळीस ग्रॅमची. त्यावर केचप, मोहरी, कांदा आणि काकडीच्या लोणच्याच्या दोन चकत्या. कुणाला कांदा नको असेल तर त्याने थांबायचे. हे जरा उद्धटच, पण सगळ्यांसाठी एकच मसाला ठरला म्हणून बर्गर आधीच करून ठेवता येत होते.

पुढे काही वर्षांनी नवी इमारत बांधायची ठरली, तेव्हा स्वयंपाकघराची आखणी त्यांनी घरामागच्या टेनिस कोर्टावर केली. रात्री हॉटेल बंद झाल्यावर कामगारांना तिथे नेले आणि हॅम्बर्गर करायचा, गुंडाळायचा, पेय भरायचे, असे सगळे हावभाव हवेत करायला लावले. ते फिरत त्यामागे खडूने रेघा मारत ग्रिल कुठे, फ्रायर कुठे, हात कुठवर पोचतो, ते ठरवले. रेखाटन कागदावर उतरवून घेण्याआधीच पाऊस आला आणि सगळे धुऊन गेले. दुसऱ्यांदा पुन्हा सगळी वरात कोर्टावर. सॅन बर्नार्डिनोसारख्या कोरड्या गावात नेमका त्या रात्री पाऊस यावा, याला काय म्हणायचे!

१९४८ च्या या बदलासाठी लागणारी साधने बाजारात मिळत नव्हती, कारण असे हॉटेलच नव्हते. सहा-सहा फुटांचे दोन ग्रिल मुद्दाम करवून घेतले. बाकीच्यासाठी गावातल्याच एड टोमन नावाच्या कारागिराला गाठले. हॉटेलच्या साधनांचा त्याला काहीच अनुभव नव्हता. त्याने केचप-मोहरीची ठराविक माप टाकणारी पिचकारी केली, रुंद आणि ताठ उलथणे केले आणि एकाच वेळी चोवीस पाव मांडता येतील अशी फिरती थाळी केली. खेड्यातल्या लोहाराकडे जाऊन विळ्याला नवी मूठ बसवून घ्यावी, तसा हा सगळा मामला.

कामाची वाटणी मात्र कारखान्यासारखी: एक ग्रिलवर, एक मसाला घालणारा, एक खिडकीशी, शेक-फ्राइज आल्यावर एक शेक करणारा आणि एक तळणारा. आणि सगळे पुरुष. पोरे ज्या कारणाने आवारात जमत ते कारणच काढून टाकायचे ठरले होते. हाच नियम पुढे साखळीतही बराच काळ राहिला आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुटला. हे सांगायला हवे, कारण या 'क्रांती'ची किंमत पहिल्या दिवशी कुणी मोजली तर त्या वीस मुलींनी. एका गावात गर्दीच्या कोपऱ्यावरचे टिपसकटचे वीस रोजगार एका झटक्यात गेले, आणि ते भावांच्या लेखी तोटा म्हणून कुठेही नोंदले गेले नाहीत.

एक तपशील मला विशेष आवडतो. ज्या दोन खिडक्यांतून कारहॉप मुली भरलेल्या ट्रे उचलत, त्याच दोन खिडक्या आता गिऱ्हाइकांसाठी उघडल्या गेल्या. भिंत तीच, खिडकी तीच, समोर उभा राहणारा माणूस तेवढा बदलला.

भोंगे

१२ डिसेंबर १९४८ रोजी हॉटेल पुन्हा उघडले. गिऱ्हाइके आली, गाडी लावली आणि बसून राहिली. थोड्या वेळाने भोंगे वाजवायला लागली. कारहॉप कुठे आहे? चालत जायचे आहे हे कळल्यावर काही जण तसेच निघून गेले. जुन्या कारहॉप मुली येऊन, आमचा पोशाख अजून तयार आहे, परत कधी बोलावता, अशी थट्टा करून जात. विक्री आधीच्या पाचव्या हिश्श्यावर आली.

इथे थांबून विचार करावा. मालक तुम्ही असता तर? तीन महिन्यांचे उत्पन्न बुडालेले, नव्या साधनांवर पैसे घातलेले, जुने गिऱ्हाईक तोंड फिरवून गेलेले. दहापैकी नऊ जण आठवड्याभरात दोन-तीन मुलींना परत बोलावतील, 'थोडे हे, थोडे ते' करतील. तसे झाले असते तर सगळा धागा उसवला असता, कारण एका कारहॉपसाठी ट्रे लागते, ट्रेसाठी भांडी लागतात, भांड्यांसाठी भांडीवाला लागतो. भावांनी सहा महिने कळ काढली. हट्ट म्हणा, नाहीतर भरल्या घराचा आधार म्हणा. आधीच्या नफ्याने त्यांना वाट पाहायची सोय दिली होती, हे विसरून चालणार नाही. नव्याने धंद्यात उतरलेल्या माणसाला हा प्रयोग परवडला नसता.

सर्वांत आधी मुले आली. पंधरा सेंट हातात घेऊन खिडकीशी जायचे, टाचा उंचावून पैसे द्यायचे आणि काचेतून आतली धांदल बघायची, हा त्यांना खेळ वाटला. मग त्यांचे आईबाप. ज्या कामगार कुटुंबांना तीस सेंटचा हॅम्बर्गर प्रत्येकासाठी परवडत नव्हता, त्यांना आता अख्खे घर बाहेर खाऊ घालता येऊ लागले. टॅक्सीवाले आणि बांधकामावरचे लोक मधल्या सुट्टीत येऊ लागले. तासभर बसणाऱ्या पोरांना मात्र इथे आता काही उरले नव्हते.

१९५१ साली विक्री दोन लाख सत्त्याहत्तर हजार डॉलर झाली. बंद करण्याआधीच्या विक्रीपेक्षा ही चाळीस टक्क्यांनी जास्त, आणि तीही अर्ध्या भावात. किंमत निम्मी केली की तेवढेच पैसे मिळवायला दुप्पट नग विकावे लागतात. यांनी त्याच्याही वर विकले. पुढे १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत विक्री साडेतीन लाखांवर गेली आणि भावांनी वाटून घ्यायचा नफा एक लाखाच्या घरात आला.

स्वतः वाढून घेण्याची पद्धत अमेरिकेत नवी नव्हती. १९०२ पासून फिलाडेल्फियात नाणे टाकून कपाटातून पदार्थ काढायची खानावळ होती. मेम्फिसमधल्या 'पिगली विगली' दुकानात १९१६ पासून लोक स्वतःच टोपली घेऊन सामान उचलत. नवीन होते ते गाडीवाल्याला खाली उतरवणे. कर्बींच्या त्या आळशी गिऱ्हाइकाला पंधरा सेंटसाठी चालायला लावणे.

त्याच गावातले दुसरे ठेले

एकाच शहरात एवढे घडले की बाकीचे कसे वागले तेही पाहावे लागते. ग्लेन बेल हा युद्धातून परतलेला मरीन दलाचा सैनिक. त्याने १९४८ मध्येच याच शहरात 'बेल्स ड्राइव्ह-इन' नावाचा हॉट डॉगचा ठेला काढला. नाव ड्राइव्ह-इन, पण खिडकी चालत येणाऱ्यासाठी. मॅकडोनाल्डांच्या पंधरा सेंटशी हॅम्बर्गरने झुंजणे वेडेपणाचे होते, म्हणून त्याने वेगळा पदार्थ शोधला. तो समोरच होता. माउंट व्हर्नन अव्हेन्यूवर 'मितला कॅफे' ही मेक्सिकन कुटुंबाची खानावळ १९३७ पासून चालू होती आणि तिथले कडक टाको (दुमडलेल्या मक्याच्या पोळीत भरलेले सारण) खायला रांग लागे. बेल तिथे खाऊन खाऊन, आणि पुढे स्वयंपाकघरात डोकावून, ते करायला शिकला. मग आपल्या ठेल्यात एकोणीस सेंटला विकू लागला. १९६२ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या डाउनीला त्याचे 'टाको बेल' उभे राहिले. मितला आजही आपल्या जागी आहे. कौतुक कुणाचे करायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. मी तर टाको मितलाचा म्हणेन.

बेलचा शाळासोबती नील बेकर याने १९५२ मध्ये याच शहरात आपला ठेला काढला. त्याची साखळी आसपासच्या भागातच राहिली. आणि पश्चिमेला बाल्डविन पार्कमध्ये, नेमके त्याच १९४८ च्या ऑक्टोबरात, हॅरी आणि एस्थर स्नायडर यांनी 'इन-एन-आउट' उघडले. त्यांनीही कारहॉप ठेवल्या नाहीत, पण गिऱ्हाइकाला उतरवले नाही. बोलायला एक स्पीकर ठेवला आणि गाडी खिडकीपर्यंत आणवली. एकच दुखणे, दोन औषधे. ओक्लाहोमात १९५३ साली सुरू झालेल्या आणि पुढे 'सॉनिक' झालेल्या हॉटेलने तिसरे औषध घेतले: कारहॉप ठेवल्या, पण प्रत्येक गाडीशेजारी स्पीकर बसवला. तेही चालले. म्हणजे जुने ड्राइव्ह-इन मरायलाच हवे होते असे नाही.

कोपऱ्याचे पुढे

१९५४ मध्ये मिल्कशेकची यंत्रे विकणारा रे क्रॉक या कोपऱ्यावर आला, कारण एकाच ठेल्याला एकाच वेळी चाळीस शेक करण्याएवढी यंत्रे कशाला लागतात हे त्याला पाहायचे होते. पुढच्या एप्रिलात त्याने भावांशी करार करून शिकागोजवळ डेस प्लेन्सला त्यांच्याच नावाचे आपले हॉटेल उघडले आणि पहिला धडा मिळाला तो बटाट्यांचा. सगळी कृती तीच असून त्याचे फ्रेंच फ्राइज मऊ पडत. उलगडा झाला तो असा की सॅन बर्नार्डिनोत बटाटे जाळीच्या पेटाऱ्यांत ठेवत आणि वाळवंटाकडून येणारा कोरडा वारा त्यांना आपोआप सुकवत असे. भावांनीही हे कधी ठरवून केलेले नव्हते. शहराचा वारा कराराच्या कागदात लिहिता येत नाही.

१९६१ मध्ये भावांनी नावासह सगळे क्रॉकला सत्तावीस लाख डॉलरना विकले. कर जाता दोघांच्या हाती प्रत्येकी दहा लाख उरावे, असा हिशेब. मूळ हॉटेल मात्र सौद्यात नव्हते. नाव गेल्यामुळे त्याची पाटी बदलून 'द बिग एम' करावी लागली. क्रॉकने जवळच आपले एक मॅकडोनाल्ड्स उघडले आणि काही वर्षांत बिग एम बंद पडले. इमारत पुढे पाडली गेली. १९९८ मध्ये दुसऱ्या एका चिकनच्या साखळीच्या मालकाने, अल्बर्ट ओकुरा यांनी, ती जागा घेतली आणि तिथे जुन्या खेळण्यांचे, कपांचे, पाट्यांचे एक अनधिकृत संग्रहालय मांडले.

आणि १९७५ च्या जानेवारीत ॲरिझोनातल्या सिएरा व्हिस्टा गावी मॅकडोनाल्ड्सच्या एका शाखेने भिंत फोडून गाडीवाल्यांसाठी खिडकी काढली. शेजारी लष्कराचा तळ होता आणि तिथल्या सैनिकांना कामाच्या गणवेशात तळाबाहेर गाडीतून खाली उतरायला मनाई होती.